हंगामातली नोकरी आणि नोव्हेंबरातली कॅट : जिनिंगवर काम करून एमबीएची तयारी कशी करावी?

कपाशी_पांढरकवडा | २२ जून २०२४, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करायचा कारखाना) वजनकाटा आणि हिशोब सांभाळतो. वय २६, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी ॲग्री केली. घरी सहा एकर कोरडवाहू, ते बाबा आणि दादा पाहतात. घरचा किराणा आणि आईचे औषधपाणी माझ्या पगारावर चालते.

एमबीए कशासाठी, ते आधी सांगतो. गेल्या हंगामात गावातले एक काकाजी तीन क्विंटल कापूस घेऊन आले होते. काटापट्टी हातात घेताना त्यांनी मला विचारले, "बावा, हा भाव ठरवते कोन?" चार वर्षे शेती शिकलो, तीन वर्षे काट्यावर बसलो, तरी मला धड सांगता आले नाही. ते काकाजी पट्टीची घडी करून खिशात ठेवून निघून गेले. रुईच्या गाठी आमच्या प्रेसमधून निघाल्यावर कुठे जातात, वायदेबाजार म्हणजे काय, सरकीचा भाव पडला की कापसाचा का पडतो, हे मला शिकायचे आहे. कृषी-व्यवसाय शिकवणाऱ्या चांगल्या संस्था कॅटचे (आयआयएम या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशपरीक्षेचे) गुण धरतात, म्हणून कॅट.

अडचण अशी की आमचा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंत. कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. त्या आठवड्यात आमच्या गेटवर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते आणि रात्री दोनपर्यंत काटा चालतो. गेल्या वर्षी नागपूरच्या एका क्लासची शनिवार-रविवारची बॅच लावली, पूर्ण फी भरली आणि पाच रविवारनंतर जाणे बंद पडले. पैसे परत मिळाले नाहीत. २६ नोव्हेंबरची परीक्षा झोप न घेता दिली, काहीच जमले नाही.

नोकरी सोडून एक वर्ष अभ्यास करू का? आणि बारावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी उतारे वाचताना दम लागतो, त्याचे काय करावे?

वर्धाकाठ | २३ जून, सकाळी ७.१५

भाऊ, नोकरी सोडू नका.

मी हिंगणघाटला खताच्या कंपनीत फिल्डवर असताना तीनदा कॅट दिली, तिसऱ्यांदा जमली. माझ्या पहिल्या दोन वर्षांची चूक तुम्ही करू नका. सगळे सांगायचे, रोज तीन तास बस. जून-जुलैत खताचा हंगाम, मी रात्री नऊला घरी येत होतो. तीन तास झाले नाहीत की मनाला लागायचे, आणि त्या दुःखात दुसऱ्या दिवशीचा अर्धा तासही जायचा. तिसऱ्या वर्षी भिंतीवर कॅलेंडर लावले आणि कंपनीच्या कामाचे दिवस लाल पेनने रंगवले. उरलेल्या पांढऱ्या दिवसांतच अभ्यास मांडला.

तुमचे कॅलेंडर तर माझ्यापेक्षा चांगले आहे. आजपासून दसऱ्यापर्यंत, म्हणजे १२ ऑक्टोबरपर्यंत, बरोबर १६ आठवडे आहेत. या दिवसांत जिनिंगवर मशिनरीची दुरुस्ती आणि मागचा हिशोब, एवढेच काम असते ना? मग परीक्षा दसऱ्याला आहे असे धरूनच अभ्यास आखा. शिकायचे ते सगळे सीतादहीच्या, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेच्या, आधी. कापूस घरात यायला लागला की नवीन धडा उघडायचा नाही, फक्त आठवड्याला एक सराव परीक्षा आणि तिच्यातल्या चुका.

पेपर कसा असतो ते माहीत असेलच, तरी धाग्यावर येणाऱ्यांसाठी लिहितो. एकूण १२० मिनिटे, ४०-४० मिनिटांचे तीन विभाग: आधी इंग्रजी, मग माहितीचे विश्लेषण आणि तर्क, शेवटी गणित. एका विभागातला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. गेल्या वर्षी ६६ प्रश्न होते. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय दिलेला प्रश्न चुकला तर १ गुण जातो, स्वतः टाकायच्या उत्तराला उणे गुण नाहीत. आपल्याकडच्या पोरांना एक गोष्ट कोणी सांगत नाही: ९९ पर्सेंटाइलला (म्हणजे शंभरातल्या ९९ जणांच्या पुढे जायला) एकूण गुणांच्या निम्मेही लागत नाहीत. दहावी-बारावीसारखा सगळा पेपर सोडवायची सवय इथे मारते. सोडायचे प्रश्न ओळखणे हीच अर्धी तयारी.

आणखी एक, आणि हे आजच करा. तुमचा पगार रोखीत होतो का?

कपाशी_पांढरकवडा | २३ जून, रात्री ११.०५

हो दादा, रोखीत. व्हाउचरवर सही करतो. नेमणुकीचे पत्र नाही.

वर्धाकाठ | २४ जून, सकाळी ६.५०

मग शेठजींना उद्याच भेटा. नेमणुकीचे पत्र मागा आणि पगार बँकेत घ्या, थोडा का असेना. अनेक संस्था निवडीत कामाच्या अनुभवाला गुण देतात, पण कागद असेल तरच. तीन वर्षे काट्यावर बसलात याचा पुरावा आज तुमच्याकडे शून्य आहे. आपल्या भागातल्या किती पोरांचा अनुभव असा वाया जातो ते पाहून मला फार वाईट वाटते. दुकानात, जिनिंगवर, दालमिलवर पाच-पाच वर्षे राबतात, आणि फॉर्ममध्ये तो रकाना कोरा ठेवावा लागतो.

दिग्रसकर | २४ जून, दुपारी १.३०

माझे मत वेगळे आहे. मी नोकरी सोडली होती आणि मला त्याचा पस्तावा नाही.

एका पतसंस्थेत होतो, सकाळी दहा ते रात्री आठ. वसुलीचे काम, दिवसभर लोकांचे रडणे ऐकायचे. घरी आल्यावर डोक्यात आकडेच शिरत नव्हते. आठ महिन्यांचा खर्च साठवला आणि राजीनामा दिला. नगरपरिषदेच्या अभ्यासिकेत सकाळी सातला जायचो. तिथे सगळी पोलीस भरती आणि एमपीएससीची पोरे, कॅटवाला मी एकटा. पण शांतता होती, आणि मला तीच हवी होती. ज्याचे काम मन पोखरते त्याला "नोकरी सोडू नको" म्हणणे सोपे आहे.

मात्र भाऊच्या पगारावर घर चालते. माझ्यावर कोणी अवलंबून नव्हते. हा फरक मोठा आहे, तो मीही मानतो.

वैनगंगातीर | २४ जून, रात्री ९.२०

मी तहसील कार्यालयात महसूल सहायक आहे, ब्रह्मपुरीच्या बाजूला. माझीही कॅटची तयारी सुरू आहे, म्हणून हा धागा मनापासून वाचत आहे.

इंग्रजीबद्दल माझा अनुभव सांगते. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतली. आधी शब्दांच्या याद्या पाठ करत होते, त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. कॅटचे उतारे इतिहास, तत्त्वज्ञान, पर्यावरण अशा विषयांवरचे लांब लेख असतात, त्यात लेखकाचे म्हणणे पकडावे लागते. मग मी असे सुरू केले: बसमध्ये जाता-येता पाऊण-पाऊण तास मिळतो, रोज एक लांब इंग्रजी लेख मोबाईलवर आधीच उतरवून ठेवायचा, कारण मध्ये जंगलात नेटवर्क नसते. वाचून झाला की वहीत मराठीत दोन ओळी: लेखकाला काय म्हणायचे आहे, आणि तो कोणाशी भांडत आहे? मराठीत लिहिता आले नाही तर समजलेच नाही असे समजून पुन्हा वाचायचे. पहिले दोन महिने एकेक लेख दोन दिवस चालला. आता एका फेरीत होतो. शब्द अडले तरी वाक्य सोडून पुढे जायची हिंमत आली, हा मोठा फायदा.

घरी सासूबाईंनी सकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला आहे. त्यांनी सातवीत शाळा सोडली होती. मी पाचला उठले की त्या चहा ठेवतात आणि समोर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत.

गणित_दर्यापूर | २५ जून, संध्याकाळी ६.००

मुलांनो, मी कनिष्ठ महाविद्यालयात २८ वर्षे गणित शिकवले. कॅट कधी दिली नाही, पण भाचीसाठी कॅटचे जुने पेपर सोडवले आहेत. गणिताचा बराच भाग आठवी ते दहावीचाच आहे: शेकडेवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, काळ-काम-वेग, समीकरणे, भूमिती. मराठी माध्यमाच्या पोराने याला घाबरायचे काही कारण नाही, फक्त इंग्रजी नावे शिकावी लागतात.

कपाशी_पांढरकवडा, तुम्ही तर काट्यावर बसता. मिश्रणाचे गणित तुमच्या अंगणात आहे. एका गंजीतल्या कापसात ८ टक्के ओलावा आहे, दुसरीत १४ टक्के. दोन्ही मिसळून १० टक्क्यांचा माल करायचा, तर प्रमाण किती? १४ आणि १० मधला फरक ४, १० आणि ८ मधला फरक २. म्हणून कोरडा दोन भाग, ओला एक भाग. पडताळा घ्या: ८ अधिक ८ अधिक १४ म्हणजे ३०, भागिले ३, आले १०. क्लासमध्ये याला अ‍ॅलिगेशन म्हणतात आणि दुधात पाणी घालून शिकवतात. तुमच्या ग्रेडरला (कापसाची प्रत ठरवणाऱ्याला) हे आकडेमोड न करता कळते, तुम्ही फक्त ते कागदावर आणायचे आहे.

तसेच दुसऱ्या विभागाचे. तुमचे रोजचे आवक रजिस्टर म्हणजे तयार तक्ता: गाव, गाडी, वजन, ओलावा, भाव, रक्कम. मागच्या हंगामाचे एक पान घ्या, त्यातले सहा आकडे झाका आणि बाकीच्यांवरून काढा. नंतर मोबाईलवर विकत घेतलेले संच सोडवाच, पण सुरुवात या पानापासून करा. ओळखीच्या मालात बुद्धी लवकर चालते. शेठजींचे आकडे मात्र बाहेर जाऊ देऊ नका, नावे आणि भाव बदलून घ्या.

कपाशी_पांढरकवडा | २५ जून, रात्री ११.४०

सर, तुमचे मिश्रणाचे गणित मी आमच्या ग्रेडर काकांना विचारले. ते म्हणाले, "दोनास एक." एका क्षणात. मले काय बोलावे सुचले नाही.

गोंदियाची_लेक | ३० जून, दुपारी ४.१०

ग्रामीण बँकेत चार वर्षे लिपिक होते, आता मुंबईत राज्य सीईटीतून मिळालेल्या कॉलेजात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॅटच्या नादात राज्याच्या एमबीए सीईटीला कमी लेखू नका. २०० प्रश्न, १५० मिनिटे, उणे गुण नाहीत. जमनालाल बजाज आणि सिडनहॅमची सिमस्री यांसारख्या जुन्या संस्था तिच्यातून मिळतात, आणि सरकारी संस्थेची फी आयआयएमच्या मानाने फार कमी. यंदा ती मार्चमध्ये झाली.

माझ्या बँकेत मार्च म्हणजे वर्षअखेर, त्यामुळे कपाशी भाऊंच्या उलट झाले: कॅट मला सोयीची आणि सीईटी गैरसोयीची. जूनमध्ये पीककर्जाची गर्दी, शाखेबाहेर सकाळी आठपासून लोक. तेव्हा पुस्तक उघडलेच नाही आणि त्याचे वाईटही वाटू दिले नाही. ऑगस्ट ते फेब्रुवारी हाच माझा अभ्यासाचा काळ.

कागदपत्रांबद्दल पोटतिडकीने सांगते. आरक्षणात बसत असाल तर कॅटला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. ओबीसींसाठी नॉन क्रिमिलेयर चालू वर्षाचे हवे. राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही, ते आधी तपासा. सीईटीच्या प्रवेशफेरीत जातपडताळणी लागते. माझ्या ओळखीच्या एका मुलाला गुण होते, दाखला तीन आठवडे उशिरा आला आणि जागा गेली. सेतू केंद्रात जूनमध्येच अर्ज टाका, पोळ्यानंतर सगळ्यांची गर्दी होते.

वर्धाकाठ | ३० जून, रात्री ८.३०

ताईंचे प्रत्येक वाक्य लिहून ठेवा.

माझ्याकडून एक भर. सराव परीक्षा मोबाईलवर देऊ नका. खरी परीक्षा संगणकावर असते, गणकयंत्रसुद्धा पडद्यावरचे, माऊसने चालवायचे. टाईप करायचे उत्तरही पडद्यावरच्या आकड्यांवर क्लिक करून. मोबाईलवर बोटाने झूम करायची सवय लागली की तिथे नजर हरवते. गावात लॅपटॉप नसेल तर सेवा केंद्रवाल्या भावाला रविवारी दुपारी दोन तास एक संगणक मागा. मी महिन्याला तीनशे रुपये द्यायचो. लाईट गेली की परीक्षा अर्धवट राहायची, म्हणून वीज कधी जाते ते पाहून वेळ ठरवली.

कपाशी_पांढरकवडा | ३ सप्टेंबर, रात्री १०.१५

काल पोळा झाला. धाग्यावर बरेच दिवस आलो नाही, पण अभ्यास चालू आहे.

फॉर्म भरला, केंद्र नागपूर. शेठजींनी नेमणुकीचे पत्र दिले. त्यांना सांगायला मी पंधरा दिवस घाबरलो होतो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, शिकून परत ये, नाही आलास तरी चालते. जुलैपासून पगार बँकेत येतो.

शेकडेवारी, गुणोत्तर, समीकरणे झाली, भूमिती अर्धी. इंग्रजीची वही ताईंनी सांगितल्याप्रमाणे, आज ५१ वा लेख. चौथ्या सराव परीक्षेत पहिल्यांदा तर्काचे दोन संच पूर्ण सुटले, बाकीचे दोन हात न लावता सोडले. सोडताना फार जड गेले.

दादाने कपाशीची फवारणी एकट्याने केली, मला रविवारी वावरात बोलावले नाही. मी गेलो तर परत पाठवले.

वैनगंगातीर | १६ ऑक्टोबर, रात्री १०.५०

काल निवडणूक जाहीर झाली. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला मतमोजणी आणि कॅट २४ ला. मला दोन्ही कामांची नेमणूक आहे. आज कार्यालयात आदेश वाचताना डोळ्यांत पाणी आले.

दिग्रसकर | १६ ऑक्टोबर, रात्री ११.२०

ताई, केंद्र नागपूरच आहे ना? मग २३ ला काम संपले की त्याच रात्री निघा, सकाळच्या बसची वाट पाहू नका. आता नवीन काही वाचू नका. तुमच्या वहीत जे आहे ते कोणत्याही मतमोजणीने पुसले जात नाही.

गणित_दर्यापूर | १७ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

बाई, प्रवासासोबत मुक्कामाचेही आजच ठरवा. नागपूरला माझी भाची राहते. तिला सांगून ठेवतो, किती वाजता पोहोचलात तरी दार उघडेल.

कपाशी_पांढरकवडा | २५ नोव्हेंबर, रात्री १२.३०

परीक्षा दिली. शनिवारी दुपारी शेठजींनी स्वतः काट्यावर बसून मला सोडले. यंदा ६८ प्रश्न आले, तर्काच्या विभागात दोन वाढले. इंग्रजीत एका उताऱ्याने घात केला, तिथे नऊ मिनिटे गेली. तर्क बरा. गणितात १२ सोडवले, बाकीचे सोडले.

वैनगंगातीर | २५ नोव्हेंबर, रात्री ९.००

मतमोजणीचे काम संध्याकाळी संपले. यजमान मोटरसायकल घेऊन बाहेर उभेच होते. नागपूरला रात्री साडेबाराला पोहोचलो. सर, भाचीताई जाग्या होत्या, त्यांनी गरम भात वाढला. माझी परीक्षा दुपारच्या सत्रात होती, त्यामुळे सहा तास झोप मिळाली. कशी गेली ते सांगता येत नाही, पण शेवटच्या मिनिटापर्यंत खुर्चीत डोके जागे होते.

कपाशी_पांढरकवडा | २० डिसेंबर, रात्री ११.१०

काल निकाल लागला. एकूण ९२.४ पर्सेंटाइल. गणित आणि तर्क ९४ च्या वर, इंग्रजी ७८. गेल्या वर्षी एकूण ४१ होते. अहमदाबाद आणि लखनऊच्या कृषी-व्यवसायाच्या अभ्यासक्रमांची आशा नाही. हैदराबादच्या मॅनेज या कृषी-व्यवस्थापन संस्थेचा आणि पुण्याच्या वैकुंठ मेहता संस्थेचा फॉर्म भरतो. सीईटीही देणार आहे. ताई, तुमचे?

वैनगंगातीर | २१ डिसेंबर, सकाळी ५.४०

८६. इंग्रजी ९१, गणिताने मागे ओढले. मी सीईटी देणार आणि पुढच्या नोव्हेंबरातही बसणार. सर, जानेवारीपासून मला गणित शिकवाल का?

गणित_दर्यापूर | २१ डिसेंबर, सकाळी ६.१०

रोज सकाळी साडेपाच. फोनवर. आजच सुरू करू, जानेवारी कशाला?

गोंदियाची_लेक | २१ डिसेंबर, दुपारी २.००

फीच्या काळजीने कोणी फॉर्म टाळू नका. गेल्या महिन्यात केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्या यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार न घेता कर्ज मिळेल. घरचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. आपल्याला मिळणारी संस्था यादीत आहे का, ते मात्र बँकेत जाण्याआधी पाहा.

वर्धाकाठ | २१ डिसेंबर, रात्री ९.४५

कपाशी भाऊ, मनापासून अभिनंदन. आता मुलाखत. पहिला प्रश्न जिनिंगवरचाच येईल, लिहून घ्या. यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये असताना बाजारात व्यापारी त्याच्या खाली का घेत आहेत? आधी मराठीत उत्तर लिहा, मग इंग्रजीत दोन मिनिटांत बोलून रेकॉर्ड करा.

कपाशी_पांढरकवडा | २२ डिसेंबर, रात्री २.२०

आत्ताच शेवटची गाडी खाली झाली. लिहितो.

एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. जिनिंगवाला कापूस घेतो तेव्हा तो या दोन मालांचा भाव जोडून बघतो. जगाच्या बाजारात रुई स्वस्त असेल तर सूतगिरणी गाठीला जास्त देत नाही, आणि सरकीची ढेप-तेलाची मागणी कमी असेल तर दुसरी बाजूही पडते. या दोन्हींतून जिनिंगची मजुरी आणि वीज वजा केली की जे उरते तोच कापसाचा भाव. तो हमीभावाच्या खाली आला की व्यापारी हमीभावाने घेऊ शकत नाही, सीसीआय, म्हणजे केंद्राचे कापूस महामंडळ, घेऊ शकते. पण पूर्ण हमीभावासाठी सीसीआयला माल ८ टक्के ओलाव्याचा लागतो, १२ च्या वर तर घेतच नाही. ज्याच्या घरी कापूस वाळवायला जागा नाही, ज्याला उद्याच दुकानदाराचे पैसे द्यायचे आहेत, तो ओला कापूस खासगीत टाकतो.

हे मी आज संध्याकाळी त्या काकाजींना सांगितले. यंदा ते पाच क्विंटल घेऊन आले होते. त्यांनी पूर्ण ऐकले, आणि मग विचारले, "मंग वाळवाले जागा कोठून आनू?"

दादा, याचे उत्तर मुलाखतीत काय द्यावे?